वाचकांचे प्रश्न : यकृतातले तांबे आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिने

तांब्यापितळेची भांडी, रक्तातील तांबे-जस्ताचे अहवाल आणि केसांची तपासणी या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. ती वरवर निरनिराळी दिसली, तरी चारही पत्रांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसला. शरीराच्या एखाद्या भागात धातू किती आहे एवढे कळून पुरते का, की तो कोणत्या प्रथिनाच्या ताब्यात आहे हेही कळावे लागते? म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या आईची दोन भावंडे दीड-दोन वर्षांची असताना ‘लिव्हर वाढून’ गेली. घर खाऊनपिऊन सुखी होते, गोठ्यात दूधदुभते होते आणि मुलांना लहानपणापासून वरचे दूध भरपूर मिळत असे. अलीकडे असे वाचनात आले की, पितळेच्या पातेल्यात तापवलेले दूध हेच त्या आजाराचे कारण होते. हे कोणी आणि कसे ठरवले? यकृतात तांबे साठले आहे, हे दिसते तरी कसे? आणि आता पुन्हा तांब्यापितळेची भांडी घराघरांत येत आहेत, त्याचे काय? (एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : प्रथम हे सांगायला हवे की, यात आपल्या आजीचा काहीही दोष नव्हता. घरातले चांगले भांडे म्हणूनच मुलाचे दूध पितळेच्या पातेल्यात तापवले जाई आणि त्यात काही वावगे असेल, अशी शंका त्या काळी डॉक्टरांनाही आलेली नव्हती. आपल्या मामा-मावशींना हाच आजार होता की नाही, हे इतक्या वर्षांनी, यकृताचा नमुना हाती नसताना कोणालाच सांगता येणार नाही. आपण केलेले वर्णन मात्र त्याच्याशी जुळते.

वैद्यकात हा आजार ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखला जातो. सिऱ्होसिस म्हणजे यकृत निबर आणि गाठीगाठींचे होणे. साधारणपणे सहा महिने ते चार-पाच वर्षे या वयात तो होई. मूल किरकिरे होई, पोट फुगे, बरगडीखाली यकृताची टणक, धारदार कड हाताला लागे आणि पुढे कावीळ व जलोदर होऊन बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातली दोन-तीन मुले पाठोपाठ जात, त्यामुळे आनुवंशिकतेपासून विषाणूपर्यंत अनेक कारणांचा संशय घेतला गेला होता.

तांब्याकडे लक्ष वळले ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या यकृताच्या पातळ कापांमुळे. ऑर्सीन नावाचे एक रंगद्रव्य आहे. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असे निरीक्षण प्रसिद्ध झाले की, या आजाराने पीडित मुलांच्या यकृतपेशींत ऑर्सीनने गडद तपकिरी रंगणारे जाड कण खच्चून भरलेले असतात. पुढच्याच वर्षी भारतीय व अमेरिकी संशोधकांनी या पेशींतील तांब्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. येथे एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑर्सीन तांब्याला चिकटत नाही. ते चिकटते गंधकाने समृद्ध असलेल्या एका प्रथिनाला, आणि ते प्रथिन तेथे साठलेले असते ते तांबे धरून बसलेले असते म्हणून. म्हणजे कापात आपल्याला दिसतो तो प्रत्यक्ष धातू नसून त्याचा राखणदार असतो. रोडानिन हे दुसरे रंगद्रव्य खुद्द तांब्याशी संयोग पावून विटकरी रंग देते. जाणते विकृतिशास्त्रज्ञ हे दोन्ही रंग शेजारीशेजारी ठेवून पाहतात.

हा राखणदार म्हणजे मेटॅलोथायोनीन. हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या मार्विन मार्गोशेस आणि बर्ट व्हॅली यांनी १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम बाळगणारे एक प्रथिन वेगळे केले, आणि १९६० मध्ये केगी व व्हॅली यांनी त्याला हे नाव दिले. सस्तन प्राण्यांतील हे प्रथिन अगदी लहान, साठ-बासष्ट अमिनो आम्लांचे असते. परंतु त्यांपैकी वीस ‘सिस्टीन’ या गंधकयुक्त प्रकारची असतात, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या जागी धातू पकडू शकणारा गंधक असतो. एका रेणूत जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू मावतात, तांब्याचे बारापर्यंत. पेशीत यांपैकी एखादा धातू वाढला की, पेशी हे प्रथिन अधिक प्रमाणात बनवते. तांब्याचा ओघ थांबलाच नाही, तर हे प्रथिन तांब्यासकट पेशीतील लायसोसोम नावाच्या पिशव्यांत जाऊन पडते, तेथे त्याचे न विरघळणारे ढीग होतात, आणि ऑर्सीनने रंगतात ते हेच ढीग.

रंगावरून प्रमाण मात्र कळत नाही. त्यासाठी सुईने काढलेला यकृताचा बारीक तुकडा पूर्ण वाळवून, वजन करून, शुद्ध नायट्रिक आम्लात विरघळवावा लागतो आणि त्या द्रावणातील तांबे अणुशोषणाच्या पद्धतीने मोजावे लागते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली. ज्योतीत किंवा तापलेल्या ग्रॅफाइटच्या नळीत धातूचे अणू मोकळे होतात आणि फक्त त्याच धातूने शोषला जाणारा प्रकाश किती घटला यावरून त्याचे प्रमाण निघते. निरोगी प्रौढ यकृतात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांच्या यकृतात ते हजाराच्या घरात, आणि काहींत त्याहूनही बरेच वर निघाले.

हे तांबे आले कोठून, याचा माग प्रामुख्याने पुण्यात लागला. केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांनी आजारी मुलांच्या आयांना मूल काय प्यायले, कधीपासून प्यायले आणि ते दूध कोणत्या भांड्यात तापवले व ठेवले होते, हे बारकाईने विचारले. १९८३ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे मांडले की, अगदी कोवळ्या वयात सुरू झालेले, पितळेच्या भांड्यातून तांबे घेऊन आलेले वरचे दूध हे या आजाराचे संभाव्य कारण असावे. मूळ गाईच्या दुधात तांबे आईच्या दुधापेक्षाही कमी असते. परंतु दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरते, त्यामुळे कल्हई उडालेल्या भांड्यात दूध तापवून तसेच ठेवले की भांड्यातले तांबे दुधात उतरत राहते. प्रयोगशाळेतील एखादे यंत्र जे सांगू शकले नसते, ते कल्हईवाला दारावर शेवटचा कधी आला होता या प्रश्नाने सांगितले. मला हे काम महाराष्ट्रातल्या वैद्यकीय संशोधनातले अत्यंत मोलाचे काम वाटते, आणि त्याची माहिती आपल्याकडे शाळकरी मुलांनाही असायला हवी असे मनापासून वाटते. पुढे याच गटाने तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध देऊन पाहिले, तेव्हा आजार फार पुढे गेलेला नसताना उपचार मिळालेल्या मुलांपैकी काही वाचली. स्टीलची भांडी रुळली, लोकांना कारण समजले आणि १९९०च्या दशकापर्यंत हा आजार दुर्मीळ झाला.

मोठ्यांना हेच दूध का बाधले नाही? नवजात बाळाच्या यकृतात जन्मतःच प्रौढाच्या कित्येक पट तांबे मेटॅलोथायोनीनच्या स्वरूपात साठवलेले असते. आईच्या दुधातून ते फारसे मिळणार नाही, म्हणून निसर्गाने दिलेली ही शिदोरी असावी. ती पहिल्या काही महिन्यांत हळूहळू खर्ची पडते. शरीरातून तांबे बाहेर पडण्याची मुख्य वाट पित्ताची, आणि तान्ह्या मुलात ती अजून पुरती मोकळी झालेली नसते. अगोदरच भरलेल्या कोठारात वरून आणखी माल येऊ लागला, तर काय होणार? मात्र असे दूध प्यायलेली सगळीच मुले आजारी पडली नाहीत, त्यामुळे काही मुलांत जन्मजात दुबळेपणाही असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ऑस्ट्रियातील टिरोल भागातही असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळातील तेथील १३८ बालमृत्यूंचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांतून पाजलेले दूध होते आणि आजार ठरावीक घराण्यांत दिसत होता. भांडी बदलल्यावर तोही नाहीसा झाला.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. निरोगी प्रौढाने तांब्याच्या स्वच्छ भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी पिणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात उतरणारे तांबे पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असते, आणि साध्या पाण्यात ते सहसा थोडेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २ मिलिग्रॅम तांबे ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. दूध, दही, ताक, चिंचेचे सार किंवा लिंबाचे सरबत मात्र कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवू नये. एक वर्षाखालील बाळाचे दूध, आणि ते दूध कालवायचे पाणीसुद्धा, अशा भांड्यात तापवू किंवा साठवू नये. या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही.

प्रश्न : माझ्या पुतण्याला विल्सनचा आजार असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर म्हणतात की, त्याच्या शरीरात तांबे फार वाढले आहे. पण रक्ताच्या अहवालात तांबे कमी दाखवले आहे. मग अहवाल चुकला की निदान? त्याला पुढे जस्ताच्या गोळ्या देण्याविषयीही बोलणे झाले. एका धातूवर दुसरा धातू कसा काम करतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा दोन्ही बरोबर आहेत. हा आजार सॅम्युअल किन्नियर विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णिला आणि त्याला कारणीभूत जनुक १९९३ मध्ये सापडले. या जनुकापासून बनणारे प्रथिन यकृतपेशीत तांब्याच्या वाहतुकीचे काम करते. ते तांबे दोन ठिकाणी पोचवते : एक वाट पित्ताकडे, म्हणजे शरीराबाहेर जाते आणि दुसरी सेरुलोप्लाझमिन नावाच्या प्रथिनाकडे. यकृत हे सेरुलोप्लाझमिन रक्तात सोडते, त्याच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे सहा अणू गुंफलेले असतात, आणि रक्तरसातले बहुतेक सगळे तांबे याच प्रथिनात असते. वाहतूक करणारे प्रथिन निकामी झाले की, तांबे पित्तातूनही जात नाही आणि सेरुलोप्लाझमिनलाही मिळत नाही. तांब्याविना बनलेले सेरुलोप्लाझमिन रक्तात टिकत नाही, ते लवकर मोडते. म्हणून यकृत तांब्याने भरून वाहत असताना रक्तातले एकूण तांबे कमी दिसते. केवळ ‘रक्तातील तांबे’ हा आकडा पाहून कमतरता समजून तांब्याच्या गोळ्या देणे येथे घातक ठरेल.

उलटही घडते. शरीरात कोठे दाह किंवा संसर्ग असला किंवा स्त्री गरोदर असली की, सेरुलोप्लाझमिन वाढते आणि आजार असूनही आकडा ठीक दिसू शकतो. त्यामुळे डॉक्टर एकाच आकड्यावर थांबत नाहीत. चोवीस तासांच्या लघवीतील तांबे, डोळ्याच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी-हिरवट कडे, जनुकीय तपासणी आणि गरज पडल्यास यकृताच्या तुकड्यातील तांबे असे सगळे एकत्र पाहिले जाते. यकृतात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे २५० मायक्रोग्रॅमच्या वर तांबे निघाले, तर तो या आजाराच्या बाजूचा भक्कम पुरावा मानतात. तोही एकमेव पुरावा नव्हे, कारण पित्ताची वाट दीर्घकाळ तुंबलेल्या इतर आजारांतही यकृतात तांबे साठते. सिऱ्होसिस झालेल्या यकृतात तांबे सगळीकडे सारखे नसते. सुई एका गाठीतून गेली तर एक आकडा, शेजारच्या गाठीतून गेली तर दुसरा. शिवाय आजाराच्या सुरुवातीला तांबे पेशीरसात विखुरलेले असते आणि ढीग झालेले नसतात, त्यामुळे रंगवलेल्या कापात काहीच दिसत नाही. ‘रंग आला नाही’ याचा अर्थ ‘तांबे नाही’ असा कृपया घेऊ नका.

लघवी गोळा करताना एक काळजी घ्या. ती प्रयोगशाळेने दिलेल्या, धातुरहित करून धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतच गोळा करावी. घरातल्या भांड्यातून ओतून घेतलेली लघवी तपासली, तर भांड्याचे धातूही मोजले जातील.

जस्ताविषयी आपण विचारलेला प्रश्न सुंदर आहे, कारण त्याचे उत्तर पुन्हा मेटॅलोथायोनीनपाशीच येते. पोटात गेलेले जस्त आतड्याच्या अस्तरातील पेशींना हे प्रथिन अधिक बनवायला लावते. या प्रथिनाची ओढ जस्तापेक्षा तांब्याकडे जास्त असते, त्यामुळे अन्नातून आलेले तांबे तेथेच पकडले जाते. आतड्याच्या अस्तरातील या पेशी काही दिवसांतच झडतात आणि मळावाटे बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर तांबेही जाते. जस्त रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात, तेही त्याचे शोषण नीट व्हावे म्हणूनच. साठलेले तांबे भरभर काढायचे असेल तेव्हा मात्र पेनिसिलामाइनसारखी औषधे लागतात. ते औषध विल्सनच्या आजारासाठी जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पुढे आणले. कोणते औषध, केव्हा आणि किती, हा निर्णय पुतण्याच्या डॉक्टरांचाच. बरे वाटू लागले म्हणून ते थांबवू देऊ नका आणि त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी राहिली असेल, तर ती लवकर करून घ्या.

प्रश्न : एका ठिकाणी केसांची तपासणी करून अठ्ठावीस मूलद्रव्यांचा अहवाल दिला आणि जस्त कमी, शिसे जास्त म्हणून महागड्या गोळ्या सुचवल्या. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्या अहवालावर गोळ्या सुरू करू नयेत. केस हा वाढ संपलेला भाग आहे. त्यात आतून आलेला धातू आणि शाम्पू, कलप, धूळ व पाणी यांतून बाहेरून चिकटलेला धातू वेगळा करणे फार अवघड असते, आणि नमुना धुण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. कुपोषणाने केसांची वाढच मंदावली, तर केसातले जस्त उलट जास्तही दिसू शकते. मोठ्या लोकसमूहांत पारा किंवा आर्सेनिक यांच्याशी आलेल्या संपर्काचा अंदाज घ्यायला केसांचा उपयोग होतो. एका व्यक्तीच्या जस्ताचे निदान करायला नाही. शिशाची शंका खरोखरच असेल, तर रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असून रत्नागिरीजवळच्या खाडीतील कालवांच्या मांसातील जस्त, तांबे आणि मेटॅलोथायोनीन यांवर प्रकल्प करत आहे. आम्लात विरघळवलेल्या नमुन्यात जस्त भरपूर आले. पण मांस वाटून, वेगाने फिरवून, वरचे स्वच्छ द्रावण रेणूंच्या आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून काढले, तेव्हा एकूण जस्ताचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती लागला, आणि २८० नॅनोमीटरवर मेटॅलोथायोनीनचा उंचवटा दिसलाच नाही. दुसरी खेप आठवडाभर शीतकपाटात होती, तिचे निकाल आणखी वेगळे आले. आयसीपी-एमएसवर (धातूंचे अणू त्यांच्या वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) तांब्याचे आकडेही जास्त वाटतात. मार्गदर्शक म्हणतात, पुन्हा करा. पुन्हा करण्याआधी काय बदलू? (एक विद्यार्थिनी, कोकण)

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण आपण आकडे जुळत नाहीत हे लपवले नाही. आपले जस्त बहुतेक हरवलेले नाही. ते नळीच्या तळाशी बसलेल्या साक्यात आहे, आणि तो साका आपण टाकून दिला असावा.

कालवे जस्त प्रचंड प्रमाणात साठवतात, आणि त्यातले बरेचसे प्रथिनाला जोडलेले नसून रक्तपेशींमधील न विरघळणाऱ्या कणांत बंदिस्त असते. फिरवणीत हे कण खाली बसतात. म्हणून साका जपून ठेवा, तोही आम्लात विरघळवा आणि हिशेब मांडा : साक्यातले जस्त अधिक द्रावणातले जस्त म्हणजे एकूण जस्त. ही बेरीज जमली, तर आपले ‘कमी आलेले’ जस्त हाच आपल्या प्रकल्पाचा निष्कर्ष ठरेल. बेरीज जमली नाही, तर पुढची शंका स्तंभावर घ्या. काही स्तंभ सैल धरलेला धातू प्रथिनाकडून ओढून स्वतःकडे ठेवतात, आणि मग तोच धातू पुढच्या नमुन्यात झिरपतो. स्तंभात घातलेले जस्त आणि बाहेर आलेल्या सर्व अंशांतले जस्त यांची तुलना प्रत्येक वेळी करायलाच हवी.

२८० नॅनोमीटरवर उंचवटा दिसला नाही, हे तर अपेक्षितच होते. त्या तरंगलांबीवर प्रकाश शोषतात ती ट्रिप्टोफॅन व टायरोसीन ही अमिनो आम्ले, आणि मेटॅलोथायोनीनमध्ये ती जवळजवळ नसतात. नेहमीच्या निळ्या प्रथिन-रंगानेही ते फिकेच रंगते. कॅडमियम बांधलेले असेल, तर २५४ नॅनोमीटरच्या आसपास पाहा. आणि शक्य असेल तर स्तंभ थेट आयसीपी-एमएसला जोडून जस्त, तांबे व गंधक एकाच वेळी नोंदवा. ज्या जागी धातू आणि गंधक एकत्र वर येतात, ती जागा बहुधा आपली. आकारानुसार वेगळे करताना हा रेणू त्याच्या सात-आठ हजारांच्या वजनापेक्षा मोठा असल्यासारखा लवकर बाहेर येतो, कारण तो गोल नसून लांबट असतो. तो उष्णतेलाही दाद देत नाही. द्रावण थोडा वेळ ८० अंशांवर ठेवल्यास इतर बहुतेक प्रथिने साकळतात आणि हे वर राहते.

दुसऱ्या खेपेचे काय झाले, तेही सांगता येईल. वीसेक सिस्टीन असलेले प्रथिन हवेत उघडे पडले की, गंधक-गंधक जोडले जातात, धातू सुटतात आणि जवळच्या दुसऱ्याच प्रथिनांवर जाऊन बसतात. एक आठवडा शीतकपाटात ठेवलेल्या नमुन्यात आपण कालवाची प्रथिने मोजत नसून आठवडाभरात झालेली अदलाबदल मोजत असतो. ऊती काढल्या काढल्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, उणे ८० अंशांवर ठेवा, वाटताना थंडावा राखा, द्रावणातून नायट्रोजन वायू सोडून प्राणवायू काढून टाका आणि गंधक वाचवणारे मर्कॅप्टोएथॅनॉलसारखे द्रव्य घाला. सवयीने इडीटीए हे धातू पकडणारे द्रव्य मात्र घालू नका. प्रथिने मोडणाऱ्या विकरांना रोखायला ते चांगले, पण येथे ते आपल्या डोळ्यांदेखत प्रथिनातले जस्त काढून घेईल.

तांब्याच्या वाढीव आकड्याला कारण मीठ असण्याची शक्यता आहे. आयसीपी-एमएसमध्ये आर्गॉन वायूच्या तप्त प्लाझ्मात नमुना जातो. समुद्री जीवाच्या मांसात सोडियम खूप, आणि आर्गॉन-४० व सोडियम-२३ एकत्र आले की वस्तुमान होते ६३, म्हणजे नेमके तांब्याच्या मुख्य समस्थानिकाचे. तांबे-६५ वरही मोजून पाहा. निसर्गात ६३ आणि ६५ यांचे प्रमाण साधारण ६९ ला ३१ असते. ते बिघडलेले दिसले, तर यंत्रात हेलियमच्या टक्कर-कक्षाची, म्हणजे असे जोडीने आलेले अणू अडवणारी, सोय वापरा. जस्ताच्या बाबतीत ६४ टाळून ६६ घ्या, कारण ६४ वर निकेल आणि गंधकाचा डायऑक्साइड हेही हजर होतात.

हे सगळे नमुना यंत्रापर्यंत पोचल्यानंतरचे. त्याआधीचे बिघाड अधिक साधे आणि अधिक घातक असतात. कालवे आणल्यावर ती चोवीस ते अठ्ठेचाळीस तास स्वच्छ, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवा, म्हणजे पोटातला खाडीचा चिखल निघून जाईल. नाहीतर आपण चिखल मोजाल. शिंपला लोखंडी सुरीने उघडला तरी मांस कापायला सिरॅमिकची किंवा प्लास्टिकची पाती वापरा. काचेऐवजी आम्लात बुडवून धुतलेली प्लास्टिकची भांडी घ्या. पावडर लावलेले रबरी हातमोजे वापरू नका. उमेदवारीच्या काळात माझे जस्ताचे आकडे तीन आठवडे वाटेल तसे वरखाली होत होते, आणि शेवटी कारण निघाले ते हातमोज्यांतील जस्त. मांस न घालता बाकी सगळ्या पायऱ्या तशाच केलेला कोरा नमुना प्रत्येक खेपेत दोन-तीन तरी ठेवा. त्यात धातू सापडला, तर तो आपल्या हाताचा किंवा आम्लाचा आहे. आकडे कोरड्या वजनावर द्या आणि ओले वजनही लिहून ठेवा. कोरड्या-ओल्या वजनाची गल्लत झाली की चौपट-पाचपट फरक पडतो, आणि वाचणाऱ्याला तो प्रदूषणाचा वाटतो.

शेवटी, मान्यताप्राप्त संदर्भ नमुना मिळवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची कालवाच्या मांसाची भुकटी मिळते. तिच्या १५६६बी या आवृत्तीत दर ग्रॅममागे जस्त सुमारे १,४२० आणि तांबे सुमारे ७२ मायक्रोग्रॅम असल्याचे प्रमाणित केलेले आहे. ती महाग आहे, हे मला ठाऊक आहे, पण एका खेपेला अगदी थोडी लागते, आणि विद्यापीठातील दुसऱ्या एखाद्या विभागाकडे बाटली उघडलेली असेल, तर मागायला संकोच करू नका. आपल्या नमुन्यांच्या मध्ये ती भुकटी तशीच विरघळवून मोजा. तिचा आकडा बरोबर आला की मग खाडीच्या कालवांचे नमुने पुन्हा घ्या, आणि या वेळी साका टाकू नका.